आंटीच्या हॉटेलातली शुक्री

शुक्रे,

तू गेल्यापासून मला सगळे एकच विचारतात. "बाई, तुमची ती मैत्रीण मुंबईला काय करायची?" मी सांगते, "हॉटेलात स्वयंपाकी होती." मग समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "अस्सं. पोळ्या लाटायची." परवा आमच्या शाळेत केंद्रप्रमुख आले होते, तेही हेच म्हणाले. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. काय सांगायचं होतं मला? की कुलाब्याला समुद्रापासून दोन गल्ल्या आत एक हॉटेल आहे, तिथे चिनी, थाई, बर्मी आणि आपलं रानातलं असं सगळं एका कढईत नांदायचं, आणि ती कढई वांगणीच्या एका बाईच्या हातात होती? की मोटारीतून येणारी माणसं आधी फोन करून विचारायची, "आज शुक्री आहे ना? नसेल तर आम्ही उद्या येतो"?

हे सगळं केंद्रप्रमुखांना सांगण्यात अर्थ नव्हता. म्हणून तुलाच सांगते. तुला ठाऊक आहे, तरी ऐकून घे. तू माझं एक वाक्य कधी पुरं होऊ दिलं नाहीस. आता तरी होऊ दे.

आपण पाचवीत जव्हारच्या वसतिगृहात भेटलो. मी साखरशेतची, वडील शेती सांभाळून पंचायत समितीत शिपाई, त्यामुळे माझी मराठी पुस्तकासारखी आणि नाक थोडं वर. तू वांगणीची, घरची बोली बोलणारी, पायात काही नसलेली. पहिल्याच संध्याकाळी तू माझ्याजवळ येऊन म्हणालीस, "मना भूक लागली."

मी तुला सुधारलं. "मना नाही. मला."

"तुला पण लागली?" तू म्हणालीस. "मंग दोघी जाऊ."

आणि माझा हात धरून तू मला स्वयंपाकघराकडे ओढत नेलंस. त्या दिवसापासून तू मला मास्तरणी म्हणायला लागलीस. मी पुढे खरोखर मास्तरीण झाले, पण ती नोकरी मला तू आधीच देऊन टाकली होतीस.

वसतिगृहाची आमटी इतकी पातळ असायची की तिच्यात छताची कौलं दिसायची. तू कुठून तरी हिरव्या चिंचा, कसला तरी पाला, कधी चार मिरच्या आणायचीस आणि स्वयंपाकीणबाईंच्या मागे लागून ठेचून आमटीत घालायचीस. बाई ओरडायच्या. पण ज्या दिवशी तू तापाने पडलीस, त्या दिवशी त्याच बाईंनी मला हळूच विचारलं, "ती वांगणीची पोर काय घालते गं?" मला सांगता आलं नाही. मी तुझं बोलणं सुधारत होते, तेव्हा तुझे हात काय करतात तिकडे माझं लक्षच नव्हतं.

आठवीनंतर तुझं लग्न लावून दिलं. मी डीएड केलं आणि माझी पहिली नेमणूक नेमकी वांगणीजवळच्या पाड्यावर झाली.

त्या वर्षाबद्दल मी फार लिहिणार नाही. वावर-वांगणीत त्या वर्षी कुपोषणाने मुलं गेली, आणि त्यांत तुझी दीड वर्षाची लेक गेली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. ते तुझ्याजवळ राहू दे. नंतर जीपगाड्या आल्या, कॅमेरे आले. एका माणसाने तुला झोपडीच्या दारात उभं केलं, पदर डोक्यावरून घ्यायला सांगितलं. तू घेतलास. मी शेजारी उभी होते. गाड्या उतारावरून दिसेनाशा झाल्यावर तू मला एवढंच म्हणालीस, "त्यानं माझं नाव नाय इचारलं."

पुढच्या दिवाळीनंतर तू नवऱ्याबरोबर बांधकामावर मुंबईला गेलीस. पाड्यावरची निम्मी माणसं दरवर्षी जातात तशीच. माणसं पावसाळ्याच्या तोंडाला परत आली, तू आली नाहीस. नवऱ्याने दुसरी बाई केली आणि तू कुलाब्याला एका हॉटेलात भाजी चिरायला राहिलीस, एवढं मला तुझ्या आईकडून कळलं.

त्या हॉटेलाची मालकीण म्हणजे लिन आंटी. तिचे आजोबा चीनमधून बोटीने आले होते, पण ती स्वतः मुंबईत जन्मलेली, बंबईया हिंदीत शिव्या देणारी, साठीची बारीक बाई. तिच्याकडे तू वर्षभर आलं सोललंस, लसूण ठेचलास, कोबी चिरलास. तिथला नेपाळी स्वयंपाकी तुला 'शुक्रिया' म्हणून हाक मारायचा. तुला ते आवडायचं. "फुकटात दिवसभर कोन तरी माझे आभार मानतो," तू म्हणायचीस.

आणि मग तो डब्याचा दिवस. ही हकीकत तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी तिथेच उभी होते असं आता मला वाटतं. आंटीने परदेशातून आलेला एक पत्र्याचा डबा फोडला, त्यातले पिवळट तुकडे तुझ्यासमोर ओतले आणि बारीक चिरायला सांगितलं. तू एक तुकडा नाकाशी नेलास आणि मोठ्याने हसलीस.

"क्या हुआ?" आंटीने विचारलं.

"ये तो वास्ते है. बांबू का बच्चा. हमारे घर के पीछे उगता है."

"तो हसती क्यों है?"

"इसको डब्बे में क्यों मारा? कितना दिन का मरा हुआ है ये!"

आंटी चिडली. म्हणाली, एवढी शहाणी आहेस तर घेऊन ये तुझा जिवंत बांबू. तू सुट्टी घेऊन वांगणीला आलीस, आईबरोबर रानात गेलीस, कोवळे कोंब काढलेस, कागदासारखे पातळ चिरलेस आणि कडूपणा जावा म्हणून रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवलेस. ते भिजलेले वास्ते डब्यात भरून एसटीने मुंबईला नेलेस. सगळ्या बसला वास आला, कंडक्टरने दोनदा मागे येऊन पाहिलं, तू झोपेचं सोंग घेतलंस.

आंटीच्या कढईत तू नारळाचं दूध घातलंस, हिरवी मिरची, तिच्याकडची गवती चहाची कांडी आणि तिची ती माशांची खारट धार, आणि वर आपले वास्ते. आंटीने चमचाभर घेतलं. आणखी एक चमचा घेतला. मग तिने नेपाळ्याला बाजूला हो म्हणून खूण केली, त्याच्या हातातला लांब दांड्याचा झारा काढून तुझ्या हातात दिला आणि स्वतः गल्ल्यावर जाऊन बसली. चांगलं झालं म्हणाली नाही, वाईट झालं म्हणाली नाही. तू मला सांगितलंस, "मास्तरणी, मी अर्धा तास उभी. मना वाटलं, हिला बाधलं बिधलं का काय."

त्या हॉटेलाच्या यादीत मग दरवर्षी काहीतरी आपल्याकडचं घुसायला लागलं. नाचणीच्या पिठाच्या पातळ पाऱ्यांत कोळंबी भरून वाफवलेल्या मोदकांसारख्या पुरचुंड्या. काळ्या मिरीतले खेकडे, पण वाटण तुझ्या आईचं. आंटीने इंग्रजीत एक शब्द शोधून काढला, फ्यूजन. तू मला त्याचा अर्थ विचारलास. मी शब्दकोश पाहून सांगितलं, दोन गोष्टी वितळून एक होणं. तुला ते पटलं नाही. "वितळत नाय गं काय. दोन जावा एका चुलीवर. दोघींना आपली आपली जागा द्यायची, नायतर भांडतात."

मी दर मे महिन्याच्या सुट्टीत तुझ्याकडे यायला लागले, आणि तुझ्या आठवड्याच्या सुट्टीला, मंगळवारी, आपण हॉटेलं पालथी घालायचो. लोक मुंबईत समुद्र बघतात, राणीची बाग बघतात. मी त्या शहरात फक्त जेवले. माझ्या वर्गातल्या मुलांना गेटवे ऑफ इंडियाबद्दल विचारलं तर मी पुस्तकातलं सांगते, पण गिरगावातल्या त्या खानावळीबद्दल डोळे मिटून सांगू शकते. तिथे एका मालवणी बाईने आणि तिच्या दार्जिलिंगच्या जावयाने मिळून नूडल्सच्या रश्श्यात तिरफळं घातली होती. तू पहिला घोट घेतलास आणि जीभ बाहेर काढून मला दाखवलीस. "झिणझिण्या. चीनमध्ये पन असलीच एक मिरी असते, आंटीकडे हाय. ह्या बाईला कोनी सांगितलं नसेल. तिचं तिला कळलं." मग तू उठून आत गेलीस, त्या बाईला वाकून नमस्कार केलास आणि परत येऊन बसलीस. बाई गोंधळून दारापर्यंत आली.

बांद्र्याच्या टेकडीवर एक छोटं हॉटेल होतं, सहा टेबलांचं, तिथे आंबटतिखट थाई सुपात लिंबाऐवजी आमसूल घालायचे. ते तुला सगळ्यांत आवडायचं. आणि जुहूला समुद्रासमोर, काचेच्या भिंतींचं ते मोठं हॉटेल. तिथे त्यांनी शेवपुरीवर ती जपानी हिरवी तिखट चटणी फासली होती आणि वर कच्चा मासा ठेवला होता. मला दोन घासांत नाकातून पाणी आलं. मी ताट सरकवलं. तू माझं ताट ओढून घेतलंस आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्लंस. तू ताटात कधी काही टाकलं नाहीस, वाईटातलं वाईट असलं तरी. बाहेर आल्यावर वाळूत उभी राहून तू निकाल दिलास.

"ह्या माणसाला भूक लागलेली नाय कधी."

हॉटेल पारखायची तुझी रीत मी अजून वापरते, नाशिकला गेले तरी. आत शिरलं की आधी साधा भात मागवायचा. ज्याला भात नीट करता येत नाही त्याच्या बाकीच्या सोंगांकडे बघायचं नाही. दुसरं, वाढणाऱ्या माणसाला विचारायचं, तू दुपारी काय जेवलास? तो डोळे न चुकवता सांगत असेल आणि इथलंच जेवला असेल, तर निर्धास्त बसायचं. किती साधं होतं हे. किती वर्षं लोक जाडजूड मासिकांतून हॉटेलांच्या याद्या वाचतात, आणि तुला दोन प्रश्न पुरायचे.

आता त्या गोष्टीकडे येते. मी ती टाळत इथपर्यंत आले, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत शहरातल्या चांगल्या हॉटेलांबद्दल लिहिणारी एक मुलगी आंटीकडे आली. मी तेव्हा तिथे होते, मे महिना होता. तिला तुझ्या हातचं इतकं आवडलं की ती तुझ्याबद्दल लिहायचं म्हणाली. तू कुठली, कशी आलीस, सगळं विचारायला लागली. तू म्हणालीस, "वास्त्याबद्दल लिव. नाचणीबद्दल लिव. माझं काय लिवायचं?" आणि आत निघून गेलीस.

मी तुझ्या मागे आत आले. आपलं भांडण तिथेच झालं, वाफेत, सगळ्यांसमोर.

"वांगणीचं नाव एकदाच छापून आलंय, तेही कशासाठी ते तुला माहीत आहे," मी म्हणाले. "आता जेवणासाठी येऊ दे की."

"येऊ दे. वांगणीचं येऊ दे. माझं नको."

"अगं, पण लोकांना कळायला नको का तू कुठून कुठे आलीस?"

"कशाला कळाया पायजे? ते जेवायला येतात. जेवून खूश होऊन जाऊ दे. रडाया जागा बाहेर पुष्कळ हाय."

तुझं म्हणणं तू चार वाक्यांत सांगून टाकलं होतंस. मला ते ऐकू आलं, समजलं नाही. किंवा समजलं आणि तरी मी बाहेर गेले. ती मुलगी फुटपाथवर टॅक्सी शोधत होती. मी तिला सगळं सांगितलं. वसतिगृह, बांधकाम, नवरा. आणि तुझी लेक. मी स्वतःला सांगत होते की हे तुझ्या अभिमानासाठी आहे. पण खरं सांगायचं तर त्या मुलीने वही काढली, माझं नाव नीट विचारून लिहून घेतलं, आणि मला बरं वाटलं. मला ते बरं वाटलं, शुक्रे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

मी जव्हारला परतल्यावर तो लेख आला. त्यात वास्ते एका ओळीत होते. बाकी सगळी तुझी लेक होती.

चार दिवसांनी माझ्या घरचा फोन वाजला. तुझा आवाज नेहमीसारखाच होता, त्यामुळे मला आधी कळलंच नाही.

"आज एक बाई आली," तू म्हणालीस. "मना बाहेर बोलावलं. माझा हात धरला आन् रडाया लागली. तिच्या टेबलावरचे सगळे रडाया लागले. खेकडे केले होते मी. तसंच थंड झालं. कोनी खाल्लंच नाय."

मी म्हणाले, "शुक्रे, माझं ऐक..."

"माझ्या पोरीला टेबलावर वाढलं तू, मास्तरणी."

आणि तू फोन ठेवलास.

त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळ तू माझ्याशी बोलली नाहीस. मी पत्रं लिहिली. पत्रांत मी खूप समजावून सांगितलं, माझा हेतू काय होता, समाजाला काय कळायला हवं, वगैरे. एका पत्रातही सरळ 'माझं चुकलं' असं लिहिलं नाही. मास्तरणीला चूक दाखवायची सवय असते, कबूल करायची नसते. मे महिने आले आणि गेले. आंटी एकदा फोनवर म्हणाली, "वो ठीक है. खाना अच्छा बनाती है. तेरा नाम नहीं लेती." एवढं ऐकून मी फोन ठेवला आणि वह्या तपासायला बसले.

आणि मग एका शनिवारी सकाळी तू माझ्या शाळेच्या फाटकात उभी. डोक्यावर गाठोडं, हातात पत्र्याचा डबा, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट. मी फळ्यावर बेरजा लिहीत होते. मुलांनी "बाई, कोणतरी आलंय" म्हणून गलका केला. मी दारात आले तर तू माझ्याकडे न बघता शाळेच्या चुलीकडे निघाली होतीस, जिथे मुलांची दुपारची खिचडी शिजते. खिचडी करणाऱ्या रखमाबाईंना तू म्हणालीस, "मावशे, आजचा दिवस तू बस."

गाठोड्यात नाचणीचं पीठ होतं. तू ते मळलंस, शेवयांच्या साच्यातून पाडलंस, वाफवलंस. कोबी, गाजर, आलं, चिंचेचं पाणी, गूळ. मोठ्या पातेल्यात सगळं उलथंपालथं केलंस. एवढ्या मुलांसाठी तुझे हात कसे चालतात ते मी पहिल्यांदा दिवसाउजेडी, शांतपणे पाहिलं. घाई कुठेच नव्हती, आणि तरी सगळं वेळेवर होत होतं. रखमाबाई माझ्या कानात म्हणाल्या, "बाई, हिच्या अंगात देव येतो का वो?"

मुलांच्या ताटल्यांत काळपट तपकिरी लांब लांब शेवया पडल्या आणि सगळी शाळा ताटलीत वाकून बघायला लागली. मग दुसरीतला एक पोर ओरडला, "गांडूळ!"

झालं. कोणी खाईना. काहींनी ताटल्या मागे सरकवल्या, एक मुलगी रडायच्या बेताला आली. मी ओरडणार होते, तेवढ्यात तू जमिनीवर मांडी घालून बसलीस, एक शेवई उचललीस, तोंडाच्या कोपऱ्यात धरलीस आणि सुर्रर्र करून ओढलीस. तिचं टोक तुझ्या नाकावर फटकन बसलं. पोरं हसली. तू दुसरी ओढलीस. मग त्या रडवेल्या मुलीने एक ओढली. मग सगळी शाळा सुर्र सुर्र करायला लागली. हनुवट्या, नाकं, सदरे, सगळं चिंचगुळाने बरबटलं. पातेलं पुसून खाल्लं त्यांनी.

भांडी घासून झाल्यावर आपण पायरीवर बसलो. मी सुरुवात करणार होते. घसा साफही केला होता. तू मुलांकडे बघत म्हणालीस, "हसत खातात का, ते बघायचं. दुसरं काय."

"शुक्रे, ते..."

"शाळेला लसूण लाव मागं. जागा हाय," तू म्हणालीस, आणि उठलीस.

ती माफी होती का? मी तेव्हा ती माफी आहे असं धरून चालले, कारण ते सोपं होतं. पुढच्या मे महिन्यात मी पुन्हा तुझ्याकडे आले, पुन्हा मंगळवारची हॉटेलं सुरू झाली, पुन्हा तू माझं ताट ओढून संपवायला लागलीस. तू दरवर्षी एकदा शाळेत येऊन रांधायचीस. आणि मी दरवर्षी ते वाक्य पुढच्या वर्षावर ढकलत राहिले.

या पावसाळ्यात आंटीचा फोन आला. तुला ताप होता, तू चार दिवस तो अंगावर काढलास, कामाला गेलीस, मग कढईसमोरच खाली बसलीस. मी दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्णालयात पोचले. तू मला ओळखलंस. तुझे डोळे पिवळे झाले होते. खाटेशेजारी रुग्णालयाच्या जेवणाची थाळी झाकून ठेवली होती. तू तिच्याकडे हात दाखवलास.

"भात चांगला हाय," तू म्हणालीस. "खरंच. तू खा. लांबनं आलीस."

मी नाही म्हणाले. तू डोळे वटारलेस. मी खाल्ला. भात खरंच चांगला होता, दाणा न् दाणा सुटा. मी रडत खात होते, आणि तुला ते चालणार नाही म्हणून तोंड खिडकीकडे करून खात होते. त्यानंतर तू झोपलीस. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस. माझ्याकडे एक अख्खी संध्याकाळ होती आणि मी ते वाक्य म्हटलं नाही. मला वाटलं, आता म्हटलं तर तुला कळेल की तू जाणार आहेस.

आता म्हणते. माझं चुकलं, शुक्रे. लिहिणाऱ्या मुलीचं नाही, माझं. तुझी लेक तुझी होती, सांगायचं की नाही ते तुझ्या हातात होतं, आणि मी ते तुझ्या हातातून काढून घेतलं. हे लिहितानाही मी तेच करते आहे का, म्हणून मी तुझ्या आईला जाऊन विचारलं. तिने पाखडायचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "लिव. पन आधी ती काय रांधायची ते लिव." मी प्रयत्न केला आहे. जमला की नाही ते तू सांगितलं असतंस, तेही तीन शब्दांत.

तुझ्या दिवसांना आंटीच्या हॉटेलातली सगळी माणसं आली. हॉटेल बंद ठेवून आंटीने दोन जीप केल्या होत्या. वांगणीच्या रस्त्यावर एक जीप चिखलात रुतली तेव्हा आंटी पँट वर करून खाली उतरली आणि ढकलायला लागली. पाड्यावरची माणसं बघत राहिली. नेपाळी दादा होता, आता पांढऱ्या केसांचा. आणि तुझ्या हाताखाली तयार झालेली मणिपूरची मेमचा होती, पंचविशीची, अबोल. ती सगळी तुझ्या आईच्या अंगणात चूल मांडून बसली. तुझ्या भावकीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, हे कोण, हे आपल्याकडे कसं रांधणार? तुझी आई म्हणाली, "माझ्या पोरीची मानसं हायेत. रांधू दे."

पंगत उठल्यावर मेमचाने आपल्या पिशवीतून एक डबी काढली. तिच्या गावाकडून आलेली सुक्या माशांची चटणी, लालभडक, पंगतीत न वाढता तिने स्वतःपुरती बाजूला ठेवलेली. ती एका कोपऱ्यात भाताबरोबर खायला बसली. तुझ्या आईने वास घेतला. ती उठली, मेमचासमोर जाऊन बसली आणि बोट चटणीत बुडवून चाटलं. थोडा वेळ तोंड हलवत राहिली.

"ह्यात सुकट हाय," ती मला म्हणाली. "ही कुठली?"

मी हिंदीतून विचारलं आणि सांगितलं, मणिपूर. फार लांब. तीन-चार दिवसांचा प्रवास.

"तिकडं पन सुकट खातात?" तुझी आई आत गेली, आपली चटणीची वाटी घेऊन आली आणि मेमचापुढे ठेवली. मेमचाने चाखली. तिच्या कपाळावर घाम आला. ती हसली आणि बोटांनी आणखी मागितली. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं. तुझी आई पाट्याकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होती, मेमचा दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून दाखवत होती, की आम्ही असं करतो.

संध्याकाळी जीप निघाल्या. आंटीने हाका मारल्या. तुझ्या आईने मेमचाचं मनगट धरलं आणि मला म्हणाली, "हिला इचार, हिची आई कुठं असते."

मी विचारलं. मेमचा म्हणाली, नाही, चार वर्षांपूर्वी गेली.

मी ते तुझ्या आईला सांगितलं. तिने मनगट सोडलं नाही. "मंग दोन दिवस ऱ्हाऊ दे हिला. काय घाई हाय."

आंटीने जीपच्या खिडकीतून बघितलं, मान हलवली आणि ड्रायव्हरला चल म्हणाली.

मीही त्या दिवशी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मला शाळा होती. मी पिशवी घेऊन बाहेर आले तर दोघी ओट्यावर बसल्या होत्या, मध्ये सूप, सुपात सुकट. तुझी आई एकेक मासळी उचलून डोकं मोडत होती, मेमचा तिच्या हाताकडे बघून तसंच करत होती. चुकलं की तुझी आई तिच्या हातावर हलकी चापट मारायची आणि पुन्हा दाखवायची. मी निरोप घ्यायला तोंड उघडलं, पण कोणी वर बघितलं नाही. एसटीची वेळ झाली होती. मी चपला घातल्या आणि निघाले.